बॉनेटखालचा धूर: वाफ, तेल की वायर?

[दृश्य: बंद बॉनेटच्या कडेने बाहेर येणारा पांढरट धूर. इंजिन चालू.]

बॉनेटखालून धूर यायला लागला की बहुतेक जण आधी त्याचा रंग बघतात. सायलेन्सरच्या धुराचा रंग बरंच काही सांगतो, पण बॉनेटखाली त्यावर विसंबून चालत नाही. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) इंजिन ऑइल सांडलं काय, पॉवर स्टिअरिंगचं तेल सांडलं काय, की कूलंट, उन्हात सगळं पांढरटच दिसतं. रंगापेक्षा वास खरा. आणि वासाइतकीच महत्त्वाची वेळ: धूर स्टार्टर मारताना आला, चढावर आला, की गाडी जोरात पळवून थांबवल्यावर?

[दृश्य: गाडी कडेला. चावी बंद स्थितीत.]

गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा. बॉनेटचा रंग फुगत असेल, ज्वाळा दिसत असेल किंवा दाट काळा धूर येत असेल, तर बॉनेट उघडायचं नाही. उघडलं की आत भरपूर हवा शिरते आणि आग भडकते. आतली खिट्टी ओढून बॉनेट थोडं सैल झालं असेल, तर त्या फटीतून एबीसी पावडरच्या अग्निशामकाचा फवारा मारता येतो. तेवढं जमत नसेल तर लांब उभं राहायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर धूर असो-नसो, गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही. कडक होऊन तडकलेला रबरी पाइप किंवा कार्ब्युरेटरची अडकलेली फ्लोट नीडल (आत येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) ही जुन्या गाडीतली नेहमीची कारणं. या गळतीचा शोध इंजिन चालू ठेवून घ्यायचा नसतो.

[दृश्य: रेडिएटरच्या टोपीवर छापलेला दाबाचा आकडा, जवळून.]

गोडसर वास आणि हवेत लगेच विरणारा ढग म्हणजे बहुधा कूलंटची वाफ. रेडिएटरच्या टोपीवर आकडा असतो, अनेक गाड्यांत ०.९ ते १.१ बार. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. टोपीच्या दाबाखाली तेच सव्वाशे अंशांच्या आसपास जातं. म्हणून गरम इंजिनाची टोपी उघडली की दाब सुटतो आणि आतलं सगळं एकदम उकळून अंगावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप हाताने सहज दाबता आला की मगच टोपीवर जाड फडकं ठेवून ती हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, हेड (इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण) तडकतं.

तापमानाचा काटा खाली आला म्हणून गाडी थंड झाली, असं समजू नका. कूलंट पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो.

गळती शोधायची ती थंड इंजिनावर, हातपंपाच्या प्रेशर टेस्टरने. टोपीवर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. होजची टोकं क्लिपजवळ बघा. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियममध्ये दाबून बसवलेली असते तो सांधा बघा. वॉटर पंपाच्या पुलीमागे एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथूनच ठिबकतं. वाळलेल्या कूलंटचा खरखरीत, रंगीत थर दिसला की जागा सापडली. सांडलेलं कूलंट पुसून घ्या. चव गोड असते आणि ते विषारी आहे, कुत्री-मांजरं चाटतात.

दाब उतरतोय पण बाहेर थेंब नाही, असं असेल तर पायाखालचा गालिचा चाचपून बघा. तो ओला आणि काच आतून धूसर, तर हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गेला. गालिचाही कोरडा असेल तर हेड गॅसकेटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगवर, संशय. प्लग काढल्यावर एकच इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर तो सिलिंडर पाणी पितोय. रेडिएटरच्या तोंडावर धरायचं निळं रसायन जळक्या वायूंनी पिवळं पडलं तर शंका उरत नाही. ऑइलच्या टोपीखाली दुधाळ साय दिसली म्हणून मात्र लगेच हेड उतरवू नका. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही ओलाव्याने ती जमते.

कूलंट भरलेलं आहे, गळती नाही, आणि गाडी फक्त उभी असतानाच उकळते? मग पंख्याकडे बघा: फ्यूज, रिले, स्विच, मोटर, या क्रमाने.

[दृश्य: टॉर्चच्या उजेडात टॅपेट कव्हरची मागची कड. खाली मॅनिफोल्डवर ओघळ.]

डोळ्यांना झोंबणारा, करपलेल्या तेलाचा वास आणि गाडी थांबल्यावर दिसणारा धूर, ही जुन्या गाडीची सर्वात नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, पॅकिंग. चालत्या गाडीत वारा धूर उडवून नेतो, थांबल्यावर तो बॉनेटच्या मागच्या कडेने वर येतो. म्हणून मालकाला वाटतं, थांबल्यावरच बिघडतंय. तेल मात्र सगळा वेळ गळत असतं.

इथली मोठी चूक म्हणजे जिथे धूर तिथे गळती असं धरणं. धूर तेल गरम पत्र्यावर पडतं तिथे होतो. तेल निघतं वरून. वाटेत ते ब्लॉकवरून ओघळतं आणि पंख्याची हवा त्याला मागे ढकलते. त्यामुळे खालचा ओला भाग बघून सम्पचं (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग बदललं जातं आणि गळती तशीच राहते. सर्वात वरचा ओला ठिपका शोधायचा.

त्यासाठी इंजिन थंड असताना डीग्रीझरने धुवा. डिस्ट्रिब्युटर आणि ऑल्टरनेटरवर आधी प्लॅस्टिक बांधा. पूर्ण वाळल्यावर संशयाच्या कडांवर टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि बंद करून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीत गडद रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक गळतीपाशी असतं.

पॅकिंग गळतंय म्हटलं की हात आपोआप पान्याकडे जातो. थांबा. या बोल्टांना फार थोडा टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो, बऱ्याच इंजिनांत ८ ते १० न्यूटन-मीटर. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. जास्त आवळलं की कॉर्कचं पॅकिंग चिरडून बाहेर येतं आणि पत्र्याच्या कव्हरची कड बोल्टाजवळ खोलगट होते. मग नवं पॅकिंगही बसत नाही. कव्हर उलटं करून कडेवर सरळ पट्टी ठेवा. बोल्टाच्या भोकांभोवती खड्डा दिसला तर सपाट लाकडावर हलक्या हातोडीने ती जागा समतल करा. जुन्या पॅकिंगचे तुकडे प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडा, ते हेडमध्ये पडू देऊ नका. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत आवळा.

सगळीकडे सिलिकॉन थापण्याची सवय वाईट. जिथे सांधा वळतो त्या कोपऱ्यांवर मॅन्युअलमध्ये सांगितलेला ठिपका पुरे. जादा सिलिकॉन आतल्या बाजूला सुटून सम्पमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं.

नवं पॅकिंग महिन्याभरात पुन्हा गळलं, तर दोष पॅकिंगचा नसेल. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीतले, वायू बाहेर सोडणारा) काढून हलवा. आत खडखड आवाज यायला हवा. तो चोंदला की क्रँककेसमधला दाब वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो.

[दृश्य: मॅनिफोल्डवर तेलाचा एक थेंब, त्यातून उठणारी धुराची रेघ.]

एक धूर निरुपद्रवीही असतो. ऑइल बदलताना किंवा फिल्टर काढताना सांडलेलं तेल, नव्या एक्झॉस्टवरचा लेप, दुरुस्तीनंतर मॅनिफोल्डवर उरलेलं जुनं तेल. एक-दोन फेऱ्यांत हे जळून जातं.

[दृश्य: बॅटरीचं ऋण टर्मिनल पान्याने सुटताना.]

जळक्या प्लॅस्टिकचा वास आणि इंजिन बंद केल्यावरही धूर थांबत नाही, म्हणजे वायरिंग. बॅटरीचं ऋण टर्मिनल आधी काढा. मग फ्यूज बघा. १० अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज घातलेला सापडला तर निम्मं निदान झालंच: आता फ्यूजऐवजी वायर वितळते. नंतर जोडलेले हॉर्न, दिवे, स्टिरिओ यांची वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीवर नेलेली असते, तीही तपासा. वायर थंड झाल्यावर टर्मिनल पुन्हा जोडा, संशयाच्या वायरवर भार चालू ठेवून दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर सांधा किंवा वायर तापतेय.

फक्त स्टार्टर मारताना क्लच किंवा ॲक्सिलरेटर केबलमधून धूर निघतो, हे बघून भले भले चक्रावतात. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी तुटलेली किंवा गंजलेली असते. मग स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह त्या बारीक केबलमधून परत जायला बघतो. केबल बदलून उपयोग नाही, पट्टी बदला.

जळक्या रबराचा वास आणि चीत्कार म्हणजे बेल्ट. इंजिन बंद करून बेल्ट उतरवा, एकेक पुली हाताने फिरवा. जी अडते किंवा खरखरते तिचं बेअरिंग गेलं.

[दृश्य: ऑइल भरायची टोपी काढलेली. तोंडातून ठेक्यात निघणारे धुराचे झोत.]

राहिलं बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे जळके वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये सुटणं. ऑइलची टोपी काढल्यावर चालू इंजिनातून धुराचे जोरदार झोत येत असतील तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे स्टार्टर मारून प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. पेट्रोल इंजिन असेल तर ते गरम करा, सगळे प्लग काढा, इग्निशन आणि इंधन तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा. सर्वात कमी आकडा सर्वात जास्त आकड्याच्या पाऊण पटीपेक्षा खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, चढला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅसकेट. रिंगांचं काम लगेच शक्य नसेल तर ऑइलची पातळी दर आठवड्याला बघत गाडी चालवता येते. धूर दिसू नये म्हणून ब्रीदर पाइपला (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला) बूच मारायचं नाही. तो दाब मग क्रँकची ऑइल सील बाहेर ढकलतो, आणि ती बदलायला बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो.