कुळागराचं गबाळं पान

(फोंडा येथे लहान व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

चवथीच्या आधी आपण घराला रंग काढतो. रंग बदलला म्हणून पोदेर वाट चुकत नाही. सकाळी सायकलचा हॉर्न वाजवत येतो आणि फाटकाला लावलेल्या पिशवीत पाव टाकून जातो. पण रंगाच्या नादात तुम्ही फाटकच घराच्या मागे नेलंत आणि त्याला सांगायचं विसरलात, तर दोन दिवस तो जुन्या जागी हॉर्न वाजवेल आणि तिसऱ्या दिवशी थांबायचा नाही. वेबसाइट नवी करताना बहुतेकांच्या हातून असं फाटक हलतं. गुगल तुमच्या एकेका पानाचा पत्ता लक्षात ठेवतं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. याच तालुक्यातल्या एका कुळागराची वेबसाइट मी नवी करून दिली. पर्यटक येतात, मसाल्याची झाडं बघतात, जेवतात, असं ते कुळागर. जुनी साइट म्हणजे हिरव्या पट्ट्यावर पिवळी अक्षरं. तिच्यात एक लांबलचक पान होतं: दाबोळी विमानतळावरून कसं यायचं, टॅक्सीवाल्याला काय सांगायचं, बसने आलात तर फोंड्याच्या कदंब स्टँडवर उतरून पुढे काय करायचं. भाटकारांच्या, म्हणजे कुळागराच्या मालकांच्या, धाकट्या भावाने लिहिलेलं. मला ते गबाळं वाटलं. मी मजकूर काढला, नकाशाचं झकास चित्र लावलं, पानाचा पत्ताही सुटसुटीत केला. सगळे खूश. महिन्याभराने भाटकारांचा फोन: ‘‘अरे, चौकशीचे फोन बंदच झाले की!’’

कुठल्या पानावर गुगलवरून किती क्लिक आले ते दाखवणारं गुगलचं साधन म्हणजे सर्च कन्सोल. ते उघडून बघतो तर सगळ्यात जास्त क्लिक त्या गबाळ्या पानावर यायचे. लोक ‘कसं जायचं’ हे शोधत यायचे आणि आल्यावर कुळागर बघायचे. त्या पत्त्यावर आता ‘पान सापडत नाही’ एवढीच पाटी होती.

म्हणून नव्या साइटचं चित्र काढण्याआधी जुन्या पानांची यादी करा. सर्च कन्सोल फुकट आहे, त्यात 16 महिन्यांचा हिशेब मिळतो. तो पूर्ण 16 महिन्यांचा काढा. उघडल्यावर सहसा तीनच महिने समोर येतात, आणि ऑगस्टमध्ये बसून तीन महिने बघितलेत तर नुसता पाऊस दिसेल. डिसेंबरमध्ये गिऱ्हाईक आणणारं पान तुम्हाला निरुपयोगी वाटेल आणि तुम्ही ते काढून टाकाल.

यादी झाली की प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहा. साधी एक्सेल चालते. मग वेबसाइटवाल्याकडून 301 रिडायरेक्ट करून घ्या. रिडायरेक्ट म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणं. 301 म्हणजे ‘कायमचा मुक्काम हलवला’, 302 म्हणजे ‘तात्पुरता’. दोन्हींत माणूस नव्या पानावर पोचतोच, त्यामुळे 301 च्या जागी 302 लावल्याची चूक डोळ्यांना दिसत नाही. आळशी माणूस सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवतो. तसं करू नका. मासळीचा भाव विचारायला आलेल्याला बाजाराच्या दारात सोडून दिल्यासारखं ते आहे, आणि गुगलही बहुधा अशी पानं नाहीशी झाली असंच धरतं. हे रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गुगल सांगतं. मी म्हणतो, काढताच कशाला?

दुसरी चूक अगदीच क्षुल्लक आणि सगळ्यात महाग. नवी साइट तयार होत असताना गुगलने ती उचलू नये म्हणून तिच्यावर ‘नोइंडेक्स’ची खूण करतात. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली असेल तर सेटिंग्जच्या रीडिंगमध्ये ती एक चौकट असते. साइट सुरू करताना ती चौकट रिकामी करायला विसरलं, की तुम्ही स्वतःच्या हाताने दुकानाला आतून कडी लावलीत. पहिल्याच दिवशी वेबसाइटवाल्याच्या शेजारी बसून ती बघा. भिडस्तपणा नको. मोबाइलवरही प्रत्येक पान उघडा, कारण गुगल आता मोबाइलवरचंच रूप वाचतं. कॉम्प्युटरवर आहे आणि मोबाइलवर गाळलंय, असा मजकूर हिशेबातून गेला समजा.

कधी करायचं, हे गोव्यात वेगळं सांगायला नको. पावसाआधी किनाऱ्यावरचे शॅक उतरतात तेव्हा. सगळं नीट केलं तरी काही आठवडे गुगलमधले नंबर खालीवर होतातच. जूनमध्ये हलवलंत तर ऑक्टोबरपर्यंत स्थिरावायला वेळ मिळतो. दिवाळीच्या तोंडावर नवी साइट हवी म्हणणाऱ्याला मी हल्ली सरळ थांबवतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, वेबसाइटचं नावच बदलायचं असेल तर? नवं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नवं नाव, घ्या, सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदलाची सोय आहे ती वापरा, पण जुन्या डोमेनचे पैसे भरत राहा. ते सोडलंत तर त्याचे रिडायरेक्टही गेले, आणि उद्या तेच नाव दुसऱ्या कुणी घेतलं तर जुन्या ओळखीने येणारी माणसं त्याच्या दारात.

कुळागराचं काय झालं? जुना मजकूर माझ्याकडे जपलेला होता, तो शब्दन्‌शब्द परत लावला. जुना पत्ता नव्याकडे वळवला. फोन हळूहळू सुरू झाले. 2023 मध्ये मोपाहून विमानं सुटू लागली तेव्हा पानात एक परिच्छेद वाढवावा लागला. तो मी लिहिला नाही. भाटकारांच्या धाकट्या भावालाच बसवलं.