गाठीचा आकार आणि गाठीची भूक

लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे, निदान झाले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “कुठवर पसरलंय?” त्याचे उत्तर मांडण्याची चौकट १९७१ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर येथे ठरली. एकाच भागातल्या लसिकाग्रंथी बाधित असतील तर पहिली अवस्था, छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाच्या एकाच बाजूचे दोन किंवा अधिक भाग बाधित असतील तर दुसरी, दोन्ही बाजूंच्या ग्रंथी असतील तर तिसरी, आणि यकृत किंवा अस्थिमज्जेपर्यंत आजार पोहोचला असेल तर चौथी. ही चौकट फारशी बदलली नाही. तिच्यात भरायची माहिती मिळवण्याची साधने मात्र पार बदलली. त्या काळी हॉजकिन या प्रकारच्या लिम्फोमाच्या कित्येक रुग्णांचे पोट उघडून प्लीहा काढून तपासली जाई, तेही केवळ अवस्था ठरवण्यासाठी!

सीटी स्कॅनने ही शस्त्रक्रिया मागे पाडली. पण सीटीला मुख्यतः आकार कळतो. लिम्फोमाची अवस्था ठरवण्याच्या २०१४ च्या लुगानो निकषांनुसार दीड सेंटिमीटरहून लांब ग्रंथी आणि तेरा सेंटिमीटरहून लांब प्लीहा संशयास्पद मानतात. एक सेंटिमीटरच्या ग्रंथीतही लिम्फोमा दडलेला असू शकतो, आणि दोन सेंटिमीटरची ग्रंथी साध्या जंतुसंसर्गाने सुजलेली असू शकते. उपचारांनंतर छातीत उरलेला गोळा जिवंत आजाराचा आहे की नुसत्या व्रणाचा, हेही आकारावरून सांगता येत नाही.

पेट स्कॅन गाठीची भूक मोजतो. फ्लोरिन-१८ जोडलेली ग्लुकोजसारखी साखर शिरेतून दिली की जास्त साखर ओढणाऱ्या पेशी चित्रात उजळतात. या फ्लोरिनची किरणोत्सारी मात्रा सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, म्हणजे ३ तास ४० मिनिटांत पाव. हे फ्लोरिन बनवणारे यंत्र, सायक्लोट्रॉन, दुसऱ्या शहरात असेल, तर घाटातली वाहतूककोंडीसुद्धा त्या दिवसाच्या रुग्णांची संख्या ठरवते. इंजेक्शननंतर रुग्णाला तासभर पडून राहायला सांगतात आणि अंगावर ब्लँकेट घालतात. हे निव्वळ सौजन्य नव्हे. थंडी वाजली की मानेतली आणि खांद्यांजवळची तपकिरी चरबी ऊब निर्माण करण्यासाठी साखर जाळते, आणि नेमकी लिम्फोमाच्या नेहमीच्या जागी चमकते. अशा वेळी सोबतचा सीटी कामी येतो, कारण उजळलेल्या जागी ग्रंथी आहे की नुसती चरबी, हे तो दाखवतो. म्हणून आकार आणि भूक एकाच बैठकीत दाखवणारा पेट-सीटी हॉजकिन आणि डिफ्यूज लार्ज बी-सेल या प्रकारांत आज पहिली पसंती आहे. हॉजकिनमध्ये तो केला असेल, तर कमरेच्या हाडात सुई घालून मज्जेचा नमुना घेण्याची वेदना सहसा टळते.

मात्र भुकेला नाव नसते. आपल्याकडे क्षयाच्या गाठीही तितक्याच उजळतात, आणि मान, छाती, पोट या त्यांच्याही नेहमीच्या जागा. त्यामुळे बायॉप्सीत लिम्फोमा सिद्ध झालेल्या रुग्णाच्या शरीरात दूरवर एकच वेगळी गाठ चमकली आणि तिच्यामुळे अवस्था व उपचार बदलणार असतील, तर तिचाही तुकडा तपासावा, असे माझे मत आहे. स्कॅनच्या अहवालातल्या तेजाच्या आकड्यांवर तेथे भागत नाही.

उलट काही सावकाश वाढणारे प्रकार, उदाहरणार्थ मार्जिनल झोन लिम्फोमा, पुष्कळदा साखर फारशी घेत नाहीत. तेथे सीटीच जास्त विश्वासाचा. मेंदूचे प्रकरण निराळे आहे. मेंदू स्वतःच भरपूर साखर खात असल्याने पेटच्या चित्रात तो आधीच उजळलेला असतो. म्हणून तेथे एमआरआयच लागतो. गरोदर स्त्रीची अवस्था ठरवतानाही, किरणोत्सर्ग टाळायचा म्हणून, सोनोग्राफीनंतर एमआरआयचाच आधार घेतात.

शेवटी वेळेविषयी. श्वास कोंडत असेल तर उपचारांसाठी स्कॅनची वाट पाहत थांबता येत नाही, हे मान्य. एरवी स्टेरॉइड सुरू करण्याआधीच पेट-सीटी उरकून घ्यावा. काही दिवसांच्या स्टेरॉइडनेही लिम्फोमाच्या गाठी आक्रसतात, त्यांची भूक मंदावते, आणि मग मूळ आजार कुठवर होता हे कोणत्याच यंत्राला नीट दाखवता येत नाही.