थायरॉईडची गोळी आणि सहाचा चहा

नमस्कार श्रोतेहो. आज थायरॉईड, म्हणजे कमी काम करणारा, डॉक्टर ज्याला हायपो म्हणतात तो. थकवा, वजन, केस गळणं हे सगळं तुम्हाला माहितीये, घरोघरी कुणीतरी ती बारकी गोळी घेतंच, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. परत सांगते, चहासुद्धा नंतर!

आमच्या बिल्डिंगमध्ये एक मावशी आहेत. त्यांची गोळी ५० मायक्रोग्रॅमची होती, ती ७५ झाली, मग १००, तरी टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढतो तो आकडा, काही खाली येईना, आणि मावशी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर टेकायच्या. मग त्यांची सून त्यांना एका नवीन डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, मावशी, उठल्यापासून काय काय करता ते सांगा. (हल्ली डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघूनच बोलतात, अशी विचारपूस करणारा भेटला की त्याला सोडू नये असं माझं मत.) मावशींनी पर्समधून हळदीकुंकवाची जुनी स्टीलची डबी काढली, त्यात थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी शेजारीशेजारी! म्हणाल्या, विसरायला नको म्हणून दोन्ही एकदमच घेते, वरून चहा, कारण ह्यांना सहाला चहा लागतो, मग ह्यांच्याबरोबर माझाही होतो.

डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवलाच नाही. कॅल्शियम रात्री जेवणानंतर, गोळ्या त्यांच्या मूळ बाटलीत, आणि चहा सातला. आता सातला म्हटल्यावर घरात महाभारत, कारण चहा करायचा आणि प्यायचा नाही हे मावशींना जमेना. शेवटी एसटीतनं रिटायर झालेले काका स्वतःच गॅसपाशी उभे राहिले, पहिल्या दिवशी दूध उतू गेलं, दुसऱ्या दिवशी साखर इतकी की मुंग्यांनी आभार मानले असते, पण महिनाभरात काका आलं किसून घालायला लागले. दोन महिन्यांनी टेस्ट केली तर टीएसएच इतका उतरला होता की १०० ची गोळी जास्त व्हायला लागली, छातीत धडधड, म्हणून परत ७५ वर आणली. गोळी तीच, फक्त आता ती अंगी लागत होती.

वेळ संपत आलीय, राहिलेलं पटापट. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब, चार तास. ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस बदलला की टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी, आठवड्याभरात करून पैसे घालवू नका, औषध रक्तात स्थिरावायलाच वेळ लागतो. टेस्टच्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी. बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका, आणि दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना कळवा, कारण तेव्हा डोस बहुतेक वाढवावा लागतो. मीठ आयोडीनचंच वापरा, ते गुलाबी मीठ फोटोत छान दिसतं, तिथेच राहू द्या. पण आयोडीनचं मीठ खातो म्हणून गोळी सुटत नाही हं.

पुढच्या भागात गुडघेदुखी. नमस्कार.