इंकांच्या आधीचे शंख

नमस्कार मंडळी! पेरूला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, माचू पिच्चू, ते इंका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर, बघितलंस का? (फळावरचे विनोद त्याच्याही आधी होऊन जातात, ते सोडा.) तर नाही बघितलं. मी गेलो चाविन दे वांतार नावाच्या डोंगरातल्या गावाला, तिथलं देऊळ इंकांच्याही निदान दोन हजार वर्षं आधीचं.

मुक्काम वारास शहरात. तेच ३००० मीटरच्या वर, त्यामुळे उतरल्या उतरल्या डोकं ठणकायला लागलं, लॉजवाल्या मावशींनी कोकाच्या पानांचा चहा हातात दिला, चव म्हणाल तर गवती चहात साखर विसरल्यासारखी, पण बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बस. वाटेत केरोकोचा तळं लागतं, निळंशार, भोवती पिवळं गवत, मागे बर्फाचे डोंगर, आणि वारा असा की मोबाईल धरवेना. पुढे डोंगर पोखरून काढलेला बोगदा आणि मग नुसती वळणं.

देवळाखाली दगडी भुयारं आहेत. वाकून आत शिरायचं, दोन-तीन वळणं घेतली की बाहेरचा उजेड संपतो, आणि एका अरुंद फटीत उभा असतो लान्सोन. साडेचार मीटर उंच, भाल्यासारखा एकच ग्रॅनाइट, त्यावर सुळेवाला देव, केसांच्या जागी साप. १९४५ साली डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला, सगळं देऊळ गाडलं गेलं, नंतर परत उकरून काढलं, पण हा बाबा अजून मूळ जागेवरच!

पण मला सांगायचंय ते शंखांबद्दल. २००१ मध्ये इथल्या एका भुयारात २० शंख सापडले, नक्षी कोरलेले, वाजवायचे. आता समुद्र कुठे, हा डोंगर कुठे, आणि हे शंख तर लांब इक्वाडोरकडच्या उबदार पाण्यातले! कोणीतरी ते एवढ्या लांबून इथवर आणले. कल्पना करा, अंधार, दगडी भिंती आणि आत शंख फुंकला तर कुठून आवाज येतोय तेच कळायचं नाही.

गावातल्या म्युझियममध्ये ते ठेवलेत. हाताळून हाताळून कोरीव रेघा पार झिजल्यात, आमच्या देवघरातल्या आजोबांच्या शंखासारख्याच गुळगुळीत. मी काचेला नाक लावून बघत होतो, तर मागून गार्ड हळूच म्हणाला, "सेन्योर, काच."