एक्स्टेंड्स लिहिण्याआधी जरा थांबा

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "इनहेरिटन्स कळलं, पण वापरायचं कधी?"

व्याख्या पटकन उरकतो. इनहेरिटन्स म्हणजे पॅरेंट क्लासमधला डेटा आणि मेथड्स (त्याची फंक्शन्स) चाइल्ड क्लासला मिळतात, हवं ते ओव्हरराइड करता येतं, म्हणजे चाइल्डमध्ये नव्याने लिहिता येतं. जावात हे नातं जोडणारा शब्द म्हणजे एक्स्टेंड्स. 1967 च्या सिम्युला भाषेपासून हे चालत आलंय. झालं.

अडतं ते पुढे. "कोड परत लिहायला नको म्हणून एक्स्टेंड्स," असं कुणी म्हणालं की माझा जीव तुटतो. पॅरेंटच्या मेथड्स मिळतात तशी त्याने दिलेली वचनंही गळ्यात पडतात. पॅरेंट चालतो त्या प्रत्येक जागी चाइल्ड बसवला, तर काहीही बिघडता कामा नये.

जावातला स्टॅक घ्या. त्यात शेवटी ठेवलेलं आधी निघायला हवं ना? पण तो वेक्टरला, म्हणजे इंडेक्स (जागेचा क्रमांक) देऊन कुठेही घालता येणाऱ्या यादीला, एक्स्टेंड करतो. त्यामुळे इंडेक्स देऊन कुणीही सगळ्यात खाली काहीही घुसवू शकतं! आता जावाचं डॉक्युमेंटेशनच सांगतं, डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरा.

मीही हे केलंय. रिपोर्टचा क्लास डेटाबेस कनेक्शनच्या क्लासपासून काढला, कारण क्वेरी चालवायची मेथड आयती मिळत होती. सहकाऱ्याने रिपोर्टवर क्लोज कॉल केलं. त्याला वाटलं, रिपोर्ट बंद होईल. बंद झालं कनेक्शन. त्याची काय चूक? मेथड समोर दिसत होती. शेवटी कनेक्शन हे रिपोर्टमधलं एक साधं फील्ड केलं, आणि क्लोज बाहेरून दिसेनासंच झालं.

आता गेल्या व्हिडिओखालची एक कमेंट: "चौरस हा आयतच असतो, मग स्क्वेअर एक्स्टेंड्स रेक्टँगल चूक कसं?" प्रश्न फार चांगला आहे. गणितात तुमचं बरोबर. पण माझं फंक्शन आयत घेतं, रुंदी 5 करतं, उंची 4 करतं आणि 20 क्षेत्रफळाची अपेक्षा ठेवतं. तुम्ही चौरस दिलात, तर उंचीबरोबर रुंदीही 4 झाली. उत्तर 16! पुन्हा तेच: आयताने दिलेलं वचन चौरसाने मोडलं. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये मांडलेला मुद्दा हाच.

आणि हो, ऑब्जेक्ट बनल्यावर मापं बदलताच येत नसतील, तर हीच जोडी बिनघोर चालते. तेव्हा इनहेरिटन्स टाकाऊ आहे, असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये "ही मेथड इथे चालत नाही" म्हणून एक्सेप्शन (एरर) फेकणारा, म्हणजे पॅरेंटचं वचन मोडणारा, चाइल्ड क्लास शोधा. सापडला तर त्याच्या पॅरेंटचं नाव कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत तो सोडवू.