अमावास्येची भरती

(पडद्यावर काळोख. पाण्याचा आवाज. लांबवर ऐरोली पुलाचे दिवे.)

आज अमावास्या. आपल्याकडे या दिवशी कुणी शुभकार्य काढत नाही, प्रवासाला निघणारालाही घरातलं कुणीतरी थांबवतं. ठाणे खाडीच्या काठावरची ही पाच-सहा माणसं मात्र महिनाभर याच रात्रीची वाट बघत होती, पक्षी धरून, त्यांच्या पायात क्रमांकाची रिंग घालून परत सोडण्यासाठी.

एक तर काळोख हवा. चांदणं असलं की पक्ष्यांना जाळं दिसतं. आणि दुसरं, उधाण हवं. कोळीवाड्यातल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, तो घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगेल. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमाराला भरती पुरी होते, आणि ती साधी भरती नसते, उधाणाची असते.

म्हणजे आज मध्यरात्री खाडीतला सगळा चिखल पाण्याखाली जाणार. दिवसभर त्या चिखलात चोच खुपसून किडे-शिंपले वेचणाऱ्या हजारो पक्ष्यांना तेवढे तीन-चार तास टेकायला कोरडी जागा लागते. ती जागा तिवरांच्या मागे आहे. मिठागरांत.

(बॅटरीचा मंद लाल उजेड. बांधावर रोवलेले बांबू.)

जाळं संध्याकाळीच लावून झालंय. काळा नायलॉन, केसासारखा बारीक धागा. याला मिस्ट नेट म्हणतात. त्याला आडव्या घड्या असतात, पक्षी धडकला की घडीच्या झोळीत अलगद पडतो. खालची घडी पाण्यापासून वर ठेवावी लागते, कारण पाणी चढतंय आणि झोळीतला पक्षी भिजता कामा नये. म्हणून दर वीस मिनिटांनी कुणीतरी गुडघाभर पाण्यातून जाळ्याची फेरी मारतं. कंटाळा चालत नाही. परवानगीशिवाय तर हे काहीच चालत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्य पक्षी पकडणं गुन्हा आहे, आणि ते बरोबरच आहे.

पक्षी सोडवायचं काम बघत राहावं असं असतं. आधी पाय मोकळे करायचे, मग पंख, शेवटी डोकं. ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने बाहेर काढायचा. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने या कामासाठी बिहारच्या मीरशिकारांना सोबत घेतलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या बाजारासाठी पक्षी धरणारे हे लोक. पंखाचं पीसही न मोडता पक्षी धरायचं त्यांचं कसब संशोधनाच्या कामी आलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पुस्तकात नसलेली विद्या शास्त्राने मान देऊन आपलीशी केली, असं आपल्याकडे फार वेळा घडत नाही.

(कापडी पिशवी. तिच्यातून हात एक पक्षी बाहेर काढतो.)

हा छोटा टिलवा. लिटल स्टिंट. वजन तेवीस ग्रॅम. दहा रुपयांची तीन नाणी तळहातावर ठेवून बघा, एवढंच. याचा जन्म उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात झाला.

मान दोन बोटांमध्ये, पाठ तळव्यात. पंखाची लांबी पट्टीवर, चोच आणि पाय कॅलिपरने. पोटावरच्या पिसांवर हलकेच फुंकर घातली की कातडीखालची पिवळी चरबी दिसते. आत्ता ती कमी आहे. एप्रिलमध्ये निघायच्या आधी हेच पक्षी दीडपट झालेले असतात. ते इंधन सगळं इथल्या चिखलातून भरलेलं.

आणि मग रिंग. ॲल्युमिनियमची, तान्ह्या बाळाच्या वाळ्यासारखी, पण भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी. खास पकडीने ती बंद करायची, टोकाला टोक भिडलं पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. पायावर ती सैल फिरली पाहिजे. तिच्यावर एक क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा, एवढा निरोप.

ही युक्ती मूळची डेन्मार्कची. १८९९ साली मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तराने मैनेच्या कुळातल्या स्टारलिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांकाच्या रिंगा घातल्या. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या आपल्या सोसायटीने १९२७ मध्ये हे काम सुरू केलं. पण त्याला खरा जोर आला तो एका तापामुळे. १९५७ साली आजच्या कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसंही आजारी पडली. विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी जुळणारा निघाला. मग स्थलांतर करणारे पक्षी गोचिडांसोबत तो तिकडून आणतात का, हा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले, आणि सलीम अली व त्यांचे सहकारी देशभर पक्ष्यांना रिंगा घालू लागले.

(वहीवर बॅटरी. रकाने भरत जाणारा हात.)

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो वहीतला एक साधा रकाना. वय.

हा दुसरा पक्षी बघा. बाकदार चोचीचा, कर्ल्यू सँडपायपर. हा अंडी घालतो फक्त सायबेरियाच्या उत्तर टोकाला. पंखाच्या पिसांना फिकट, ताजी किनार आहे, म्हणजे हा यंदाच्या उन्हाळ्यात जन्मलेला. काही वर्षी जाळ्यात अशी पिल्लं खूप सापडतात, काही वर्षी अगदीच थोडी. का? उत्तर आहे लेमिंग नावाच्या उंदरासारख्या एका प्राण्यात. टुंड्रात लेमिंग दर तीन-चार वर्षांनी उदंड होतात, मग एकदम घटतात. उदंड असतात तेव्हा तिथले कोल्हे त्यांच्यावरच पोट भरतात आणि पक्ष्यांची घरटी वाचतात. लेमिंग संपले की कोल्हे अंड्यांकडे आणि पिल्लांकडे वळतात.

म्हणजे भांडुपच्या मिठागरात बसून, चिखलाने माखलेल्या हातांनी आपण जे मोजतोय, ती गेल्या जूनमधल्या सायबेरियाची बातमी आहे.

या पिल्लांतली बरीचशी पुढच्या मे महिन्यात परत जातच नाहीत. पहिला उन्हाळा, आपला अख्खा पावसाळा, ती इथेच काढतात. जुलैत धो धो पावसात खाडीवर एखादा राखाडी पक्षी एकटा दिसला, तर तो वाट चुकलेला नाही. अजून लहान आहे.

(पुन्हा जाळं. पाण्याची पातळी वाढलेली.)

"रिंग आहे याला!"

आवाज दबका, पण बांधावरचे सगळे उठून उभे राहतात. हातात आहे चिखल्या, सँड प्लोव्हर. आपल्या बटाटावड्याएवढ्या वजनाचा. डाव्या पायात जुनी रिंग, खाऱ्या पाण्याने काळवंडलेली. भिंगाखाली एकेक आकडा वाचला जातो. वही उलटली जाते. तीन हिवाळ्यांपूर्वी. याच मिठागरात.

लडाख-तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून हा तीन वेळा इथे आला. एवढ्या अफाट किनाऱ्यावरून याच बांधावर. आपल्या अंगणात दर हिवाळ्यात येणारा करडा धोबीही नेमकी तीच हिरवळ गाठतो म्हणतात. रिंग नसती तर आपण "चिखल्यांचा थवा आला" म्हणून मोकळे झालो असतो. रिंगमुळे कळतं की हा तोच आहे.

रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, गोष्ट वेगळी. दोन-तीन किलोचा पक्षी, त्याच्या पाठीवर जीपीएस यंत्र बसवता येतं, आणि खाडीतले रोहित गुजरातेत कुठे जातात ते घरबसल्या दिसतं. टिलव्याला ते ओझं झेपत नाही. त्याला रिंगच. फार तर पायावर रंगीत प्लॅस्टिकचं निशाण, दुर्बिणीतून दुरूनच वाचता येणारं.

खाडीचा मधला भाग २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. पण भरतीचे ते तीन-चार तास पक्षी अभयारण्यात नसतात, मिठागरांत असतात. आणि कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची २५५ एकरांहून जास्त मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी द्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला. घरं माणसांना हवीतच. पण तीन हिवाळे हाच बांध शोधत येणाऱ्या या पक्ष्याला कुणी कसं कळवणार?

(तळहात जमिनीला टेकतो. बोटं उघडतात.)

चिखल्या लगेच उडत नाही. काळोखाची सवय व्हायला त्याला थोडा वेळ लागतो. सगळे बॅटऱ्या विझवून बसून राहतात. मग एक बारीक शीळ, आणि हात रिकामा.

पाणी उतरायला लागलंय. तिवरांपलीकडे चिखलाचा पहिला पट्टा उघडा पडला असेल. वहीतला शेवटचा रकाना भरायचा राहिलाय. सोडल्याची वेळ. दोन वाजून दहा मिनिटं.