बाळाच्या दुपट्यासाठी लोकर निवडताना

नमस्कार श्रोतेहो.

बाळ येणार असल्याची बातमी कळली की विणणाऱ्या हातांना स्वस्थ बसवत नाही. सुया बाहेर निघतात, नमुन्यांची शोधाशोध सुरू होते आणि पहिली चर्चा होते ती रंगाची. पिवळा घ्यावा की आकाशी? माझं म्हणणं, रंग सगळ्यात शेवटी ठरवा. आधी विचार करा, हे दुपटं धुणार कोण आणि कसं?

तान्ह्या बाळाच्या दुपट्यावर दूध सांडतं, लाळ गळते, लंगोट ओला झाला की तेही ओलं होतं. ते धुवायला हातात घेणारी माणसं रात्रभर जागलेली असतात. गार पाण्यात हलक्या हाताने धुवा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा, हे सगळं पाळायला त्यांना सवड कुठली? दुपटं इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये जाणार. ते सोसेल असाच धागा घ्या. नाहीतर दुपटं कपाटात घडी करून ठेवलं जातं, आणि आपण महिना-दोन महिने घेतलेली मेहनत बाळाच्या अंगाला लागतच नाही.

आता धाग्यांकडे वळू. मेंढीच्या साध्या लोकरीच्या तंतूवर अतिशय बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं असं तिन्ही एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि विणकाम आटून जाड होतं. तळहाताएवढा तुकडा विणून एकदा मशीनमध्ये गरम पाण्यात टाकून बघा. बाहेर येतो तेव्हा टाके वेगळे ओळखू येत नाहीत. मग तो कितीही ओढला, तरी पहिल्यासारखा होत नाही. 

यावर उपाय म्हणून ‘सुपरवॉश’ लोकर मिळते. तिच्यावर प्रक्रिया करून खवले बोथट करतात, बऱ्याचदा तंतूवर पातळ थरही चढवतात. ती आटत नाही, पण धुतल्यावर थोडी सैलावते, म्हणून जरा घट्ट विणावी. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर मऊ लागते, कारण तिचे तंतू बारीक असतात, साधारण 24 मायक्रॉनच्या आत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेला लागल्यावर वाकण्याऐवजी तिला टोचत राहतात, म्हणून भरड लोकर खाजते. मोठी माणसं आतून सदरा घालून निभावून नेतात, बाळाला ती सोय नाही. उबेला मात्र लोकरीला तोड नाही. आपल्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओल ती शोषते, तरी हाताला दमट लागत नाही.

सुती धागा धुवायला सोपा, अंगाला गार आणि सहसा न टोचणारा. उष्ण हवेत मी तोच सुचवीन. पण त्याला ताण धरवत नाही. लोकर ओढली तर परत जागेवर येते, सूत ओढलं की तसंच राहतं. शिवाय सूत जड. ओलं सुती दुपटं दोरीवर टांगलं तर आपल्याच वजनाने लांबतं, म्हणून ते आडवं पसरून वाळवावं. मर्सराइज्ड, म्हणजे रासायनिक प्रक्रिया केलेल्या सुताला छान चमक असते, टाकेही रेखीव दिसतात, पण ते थोडं कडक लागतं. दुपट्यासाठी मी साधं, न चमकणारं सूत घेईन.

अॅक्रिलिकला नावं ठेवायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. चांगल्या प्रतीचं मऊ अॅक्रिलिक हलकं असतं, मशीनमध्ये धुता येतं, लवकर वाळतं आणि त्याला कसर लागत नाही. हलक्या प्रतीचं मात्र चार धुण्यांत बारीक गोळे धरतं. शिवाय ते घाम शोषत नाही आणि उष्णतेपुढे वितळतं. त्याच्यावर गरम इस्त्री फिरवली की टाके कायमचे लोळागोळा होतात. पहिल्यांदाच दुपटं विणणाऱ्यांना मी सूत आणि अॅक्रिलिक यांचा मिश्र धागा सुचवते. सुताचा गारवा राहतो, वजन कमी होतं आणि विणताना हातही दुखत नाहीत.

मोहेर, अंगोरा असे लांब लव असलेले धागे दिसतात फार सुरेख. पण बाळाच्या दुपट्यासाठी ते घेऊच नका, इथे मी आग्रही आहे. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि ती लव सुटून तोंडानाकात जाते.

खरेदीला गेलात की गुंडा नुसता दाबून बघू नका. धाग्याचं टोक गळ्याला, हनुवटीखाली, हलकेच घासा आणि मिनिटभर थांबा. तळहाताला जे कळत नाही ते तिथे कळतं. मग टोकाचा पीळ दोन बोटांत उलटा फिरवून पदर सुटे करून बघा. पीळ फारच सैल असेल, तर सुईचं टोक पदरांच्या मधून जात राहतं आणि पुढे गोळेही लवकर धरतात. लेबलवर ‘ओको-टेक्स स्टँडर्ड 100’ हे घातक रसायनांच्या चाचणीचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा वर्गही पाहा. पहिला वर्ग 3 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी असतो, त्याची रसायनांची चाचणी सर्वांत कडक असते.

जाडीबद्दल थोडं सांगते. 1 वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात झोपताना सुटं पांघरूण ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ बजावतात, कारण ते तोंडावर आलं तर बाळाला दूर सारता येत नाही. म्हणजे आपलं दुपटं मांडीवर, बाबागाडीत किंवा जमिनीवर पसरायला, आणि तेही कुणी जागं जवळ असताना. त्यासाठी जाडजूड धागा लागत नाही. डीके (डबल निटिंग) म्हणजे मध्यम जाडीचा धागा, 4 मिलिमीटरच्या सुया, 10 सेंटिमीटरला साधारण 22 टाके, एवढं पुरतं. 

नमुना भरीव निवडा. मोठ्या जाळीत बाळाची बोटं अडकतात, आणि दोन रंगांच्या विणीत मागच्या बाजूला लोंबणारे धागे तर आणखी वाईट. बोटाला धाग्याचा फास बसला तर रक्तपुरवठा तुटू शकतो. गोंडे, झालर, बटणंही नकोत.

हिशेब वजनावर करू नका, लांबीवर करा. 75 बाय 90 सेंटिमीटरच्या दुपट्याला डीके धागा अंदाजे 800 ते 1000 मीटर लागतो. अॅक्रिलिकच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 300 मीटरच्या आसपास धागा असतो, सुताच्या 100 ग्रॅममध्ये 200 ते 220. म्हणजे अॅक्रिलिकचे 4 गुंडे जिथे पुरतील तिथे सुताचे 5 लागतील. 

आता आला रंग. सगळ्या गुंड्यांवरचा रंगाचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या खेपेचा क्रमांक, एकच आहे ना, ते दुकानातच तपासा. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक गुंड्यांवर दिसत नाही, विणल्यावर मात्र मधोमध पट्टा उमटतो. म्हणून एक गुंडा जास्तीचा घ्या. त्यातून 15 सेंटिमीटरचा चौकोन विणा आणि घरात कपडे धुतले जातात तसाच धुवा. धुण्याआधी आणि वाळल्यावर तो मोजा, आणि मगच दुपट्याचे टाके घाला. तो गुंडा उरला, तर दुपट्याबरोबर लेबलसकट देऊन टाका. पुढे कुठे उसवलं तर त्याच धाग्याने सांधता येईल.

नमस्कार.